एका डोंगराचे वाटेकरी

कॅनडाच्या पंचवीस सेंटच्या नाण्यावर १९३७ पासून एका प्राण्याचे डोके कोरलेले आहे. निमुळता चेहरा आणि डोक्यावर फांद्या फुटलेली भरदार शिंगे. टोरांटो, व्हँकुव्हरकडच्या मराठी घरांतही हे नाणे हाताळले जाते. हा प्राणी म्हणजे कॅरिबू. युरोपात आणि सायबेरियात ज्याला रेनडिअर म्हणतात, तोच. उत्तरेच्या उघड्या टुंड्रात हजारोंच्या कळपांनी स्थलांतर करणारे कॅरिबू माहितीपटांमुळे आपल्या ओळखीचे झाले आहेत. त्यांचेच काही भाऊबंद मात्र दक्षिणेकडे, ब्रिटिश कोलंबिया आणि आल्बर्टा प्रांतांतल्या डोंगरांत, घनदाट जंगलात आणि प्रचंड बर्फात राहतात. त्यांचे कळप लहान आहेत आणि झपाट्याने आणखी लहान होत आहेत.

दक्षिण सेलकर्क पर्वतातल्या अशाच एका कळपाचे उदाहरण घ्या. हा कळप कॅनडा आणि अमेरिकेच्या सीमेवर दोन्हीकडे ये-जा करायचा. २००९ मध्ये त्यात ४६ जनावरे होती. २०१८ च्या मोजणीत फक्त ३ दिसली आणि तिन्ही माद्याच होत्या. जानेवारी २०१९ मध्ये उरलेली शेवटची मादी पकडून उत्तरेला रेव्हलस्टोक गावाजवळच्या कुंपणात नेण्यात आली आणि पुढे तिला दुसऱ्या कळपाच्या मुलखात सोडण्यात आले. अलास्का वगळता अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचा रानटी कॅरिबूचा वावर तिथे संपला.

या कळपाला कुणी शिकार करून संपवले नव्हते. कसली साथही आली नव्हती. या डोंगरांत लाकूड कंपन्या रीतसर परवाने घेऊन झाडे तोडत होत्या, रस्ते होत होते आणि हौशी लोक सुट्टीच्या दिवशी बर्फात फिरायला येत होते. यातली कोणतीही एक गोष्ट कळप संपवण्याएवढी मोठी वाटत नव्हती. तरीही कळप गेला. कसा गेला हे नीट समजून घेतले, तर माणसाची हौस, माणसाची कमाई आणि डोंगरातले वन्यजीव यांचा मेळ कसा घालावा या प्रश्नाचे बरेचसे उत्तर हाती येते.

बर्फाच्या आसऱ्याने

पहाडी कॅरिबूच्या जगण्याची सारी मांडणी एका गोष्टीभोवती आहे : इतरांपासून दूर राहायचे. हिवाळा आला की मूस (हरणांच्याच कुळातले थोराड जनावर) आणि हरणे खाली दऱ्यांमध्ये उतरतात, कारण वर खायला काही राहत नाही आणि बर्फात चालता येत नाही. त्यांच्यामागे लांडगेही खाली जातात. कॅरिबू मात्र उलट वर चढतो. जिथे २ ते ४ मीटर बर्फ साचते, जिथे दुसरे कोणतेही मोठे जनावर हिवाळा काढू शकत नाही, तिथे तो राहतो.

हे त्याला जमते ते खुरांमुळे. कॅरिबूचे खूर त्याच्या अंगाच्या मानाने फार रुंद असतात. पाऊल टाकताना खुराची दोन्ही अर्धुके फाकतात, मागची लहान खुरेही बर्फाला टेकतात आणि सारे वजन पसरून पडते. त्यामुळे जिथे मूस पोटापर्यंत रुतेल तिथे कॅरिबू वरच्या वर चालत जातो.

पण चार मीटर बर्फाखाली गवत-पाला गाडला गेल्यावर तो खातो काय? तर दगडफूल. आपण गोड्या मसाल्यात घालतो त्याच कुळातले, बुरशी आणि शेवाळ यांच्या सहजीवनातून तयार झालेले हे जीव. तिथल्या जुन्या फर आणि स्प्रूसच्या फांद्यांवरून ते काळपट-हिरव्या केसांच्या झुबक्यांसारखे लोंबत असतात. हिवाळा जसजसा पुढे सरकतो तसतसा बर्फाचा थर उंच होतो आणि त्यावर उभ्या राहिलेल्या कॅरिबूचे तोंड आणखी वरच्या फांदीला पोचते. उन्हाळ्यात मान कितीही ताणली तरी हाती न येणारे खाणे बर्फच त्याच्या तोंडाशी आणून देते. या खाण्यात प्रथिने अगदी कमी असतात. म्हणून हिवाळाभर त्याला दोनच गोष्टी कराव्या लागतात, सतत थोडे थोडे खात राहायचे आणि विनाकारण धावायचे नाही.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. एक म्हणजे हे दगडफूल फार हळू वाढते. पोटभर मिळावे इतके ते साधारण शंभर-दीडशे वर्षांपेक्षा जुन्या जंगलातच असते. दुसरी गोष्ट, कॅरिबूला केवळ उंचावरचे जंगल पुरत नाही. हिवाळ्याच्या सुरुवातीला वरचे बर्फ भुसभुशीत असते, तेव्हा तो खालच्या सीडर-हेमलॉकच्या जंगलात उतरतो. बर्फ घट्ट झाले की पुन्हा वर जातो. वसंतात कोवळ्या पाल्यासाठी खाली येतो. मेअखेर ते जून या काळात गाभण माद्या एकेकट्या उंच, उघड्या जागी जाऊन वितात. खाणे कमी मिळाले तरी चालेल, पण शिकारी प्राणी नकोत, हा त्यांचा हिशेब. एका वेळी एकच पिल्लू होते आणि मादीला पहिले पिल्लू होईपर्यंत बहुधा तिसरे वर्ष उजाडते. म्हणजे घट झाली की ती लवकर भरून येत नाही.

झाडे तोडली, लांडगे आले

जंगलतोडीने दगडफूल कमी झाले, म्हणून कॅरिबू उपाशी मेला, असे सुरुवातीला अनेकांना वाटत होते. संशोधकांनी गळ्यात रेडिओपट्टे बांधलेल्या जनावरांचा माग काढला तेव्हा वेगळेच दिसले. बरेचसे मृत्यू उपासमारीने होत नव्हते, लांडगे आणि कूगर (तिकडचे मोठे रानमांजर) यांसारख्या शिकाऱ्यांमुळे होत होते. मग शिकारी अचानक इतके का वाढले?

साखळी अशी आहे. जुने जंगल सरसकट तोडले की उघड्या जागेवर ऊन पडते आणि दोन-चार वर्षांत झुडपे, वेली, कोवळी रोपे माजतात. मूस आणि हरणांसाठी हे आयते कुरण. मूसच्या मादीला जुळी होणे नवलाचे नाही, त्यामुळे त्यांची संख्या भराभर वाढते. मूस वाढले की त्यांच्यावर जगणारे लांडगे वाढतात. लाकूड वाहून नेण्यासाठी केलेले रस्ते, तेल-वायूच्या शोधासाठी जंगलात पाडलेल्या सरळ पट्ट्या, वाहिन्यांचे मार्ग यांवरून लांडगा कमी श्रमात दूरवर जातो. जाता जाता त्याची कॅरिबूशी गाठ पडते.

सगळ्यात घातक भाग यापुढे आहे. एरवी भक्ष्य कमी झाले की शिकारीही कमी होतात आणि भक्ष्याला उसंत मिळते. इथे लांडग्यांचे पोट मूसवर चालते. कॅरिबू शंभराचे दहा झाले तरी लांडग्यांची संख्या घटत नाही. उरलेले दहाही त्यांच्या वाटेत सापडत राहतात. म्हणजे मूस कॅरिबूचा घास खात नाही, त्याच्याशी भांडतही नाही, तरी त्याच्या वाढीने कॅरिबू संपतो. रेव्हलस्टोकच्या उत्तरेकडे शिकारीचे परवाने वाढवून मूस कमी केले गेले, तेव्हा तिथल्या मोठ्या कॅरिबू कळपाची घसरण थांबल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. साखळीचे दुवे खरे असल्याचा तो पुरावाच होता.

यात धरणांचीही भर पडली. पीस नदीवर १९६० च्या दशकात डब्ल्यू. ए. सी. बेनेट धरण बांधले गेले आणि त्यामागे विलिस्टन नावाचा प्रचंड जलाशय पसरला. कॅरिबूंच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटा पाण्याखाली गेल्या आणि एकमेकांत मिसळणारे कळप अलग पडले. त्याच भागात कोळशाच्या खाणी आणि वायूच्या विहिरी आल्या. कळप लहान आणि एकटा पडला की एखाद्या वाईट हिवाळ्यानेही तो संपू शकतो. बान्फ राष्ट्रीय उद्यानातले उरलेसुरले कॅरिबू २००९ मध्ये एका हिमस्खलनात गाडले गेले. राष्ट्रीय उद्यान असूनही तिथला कॅरिबू टिकला नाही.

हौशीची किंमत

झाडे तोडणारा आणि खाण खणणारा डोळ्यांना दिसतो, त्यामुळे दोष देणे सोपे जाते. बर्फात फिरायला जाणारा माणूस निसर्गप्रेमी असतो. तो काही नेत नाही, काही तोडत नाही. मग त्याच्यामुळे काय बिघडते?

हॅन्स ग्मोझर या मार्गदर्शकाने १९६५ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या बुगाबू पर्वतात हेलिकॉप्टरने माणसे शिखरावर नेऊन स्कीइंग करवण्याचा व्यवसाय सुरू केला. आज या प्रांतात हेलिस्कीइंग हा मोठा धंदा आहे. त्याच्या जोडीला स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर धावणारी पट्ट्याची मोटारगाडी आली. पूर्वी ज्या उतारावर हिवाळाभर माणूस फिरकत नसे, तिथे ही गाडी काही मिनिटांत पोचते. तिला हवे असतात उघडे उतार, खोल बर्फ आणि झाडीच्या वरची मोकळी पठारे. कॅरिबूलाही नेमके तेच हवे असते.

ब्रिटिश कोलंबियातल्या हार्ट पर्वतरांगांत झालेल्या एका अभ्यासात, स्नोमोबाइलची वर्दळ असलेला चांगला अधिवास कॅरिबूंनी सोडून दिल्याचे आढळले. त्यांच्यापैकी कुणी गाडीखाली सापडले नव्हते. पण हिवाळ्यात घर सोडायला लागणे हीच मोठी शिक्षा आहे. ज्या जनावराचा सारा हिवाळा शक्ती वाचवण्यावर तरतो, ते बर्फात धावते, कमी दगडफूल असलेल्या किंवा हिमस्खलनाचा धोका असलेल्या उतारावर जाते. गाभण मादीने असा हिवाळा काढला तर त्याचा परिणाम पिल्लावर होतो. गाडीने दाबून घट्ट केलेला पट्टाही मागे राहतो. मऊ बर्फात पोटापर्यंत रुतणारा लांडगा त्या पट्ट्यावरून सहज वर चढतो. कॅरिबूचे सगळे संरक्षण बर्फाच्या खोलीवर उभे होते आणि एका रविवारच्या सहलीने त्यात वाट पडते.

इंजिन नसलेला स्कीवाला तरी निर्दोष ना? त्याच्या स्कीनेही वाट तुडवली जाते. आल्बर्टातल्या जॅस्पर राष्ट्रीय उद्यानात टॉनक्विन नावाची सुंदर दरी आहे. तिथे कॅरिबूचा एक छोटा कळप टिकून आहे. या दरीत हिवाळ्यात स्कीवर जायची जुनी परंपरा होती. आता उद्यानाने कॅरिबूंसाठी हा भाग १ नोव्हेंबरपासून मेच्या मध्यापर्यंत बंद ठेवायला सुरुवात केली आहे. अनेक गिर्यारोहकांना हे जड गेले. पण जॅस्परमधला मलीन दरीचा कळप नाहीसा झाला आहे आणि ब्राझो कळप दहाच्याही खाली आला आहे, हे समोर असताना उशीर करून चालणार नव्हते.

इतर पहाडी प्राण्यांची गोष्टही अशीच आहे. तिथल्या कड्यांवर राहणारी पांढऱ्या लोकरीची पहाडी बकरी पाहा. आल्बर्टातल्या कॉ रिज या धारेवर स्टीव्ह कोटे या जीवशास्त्रज्ञाने ऊर्जाशोधासाठी उडणाऱ्या हेलिकॉप्टरांचा तिच्यावर काय परिणाम होतो, हे नोंदवले. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ५८ टक्के उड्डाणांच्या वेळी बकऱ्या विचलित झाल्या होत्या. हेलिकॉप्टर ५०० मीटरच्या आत आले की त्रास सगळ्यात जास्त. काही वेळा कळप फुटून चहूकडे पांगला आणि एक प्रौढ मादी जबर जखमी झाली. कड्यावर बकरी घाबरून उधळली तर पाय घसरायला किती वेळ लागतो? म्हणून बकऱ्यांच्या कड्यांपासून २ किलोमीटरच्या आत हेलिकॉप्टर नको, अशी शिफारस कोटे यांनी केली.

वुल्व्हरीन हा लहान अस्वलासारखा दिसणारा मांसाहारी प्राणी. त्याची मादी हिवाळ्याच्या शेवटी खोल बर्फात बीळ करून पिल्ले वाढवते. अमेरिकेतल्या आयडाहो, मॉन्टाना आणि वायोमिंगच्या डोंगरांत वुल्व्हरीनच्या आणि हौशी लोकांच्या हालचाली एकाच वेळी नोंदवल्या गेल्या. जिथे माणसांची वर्दळ जास्त, तिथे वुल्व्हरीन जाणे टाळतात, माद्या अधिकच टाळतात, आणि इंजिनवाले असोत वा पायी स्कीवाले, दोघांमुळेही टाळतात, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसले.

उपाय झाले, पण अर्धे

ब्रिटिश कोलंबिया सरकार हातावर हात ठेवून बसले होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००७ मध्ये प्रांताने पहाडी कॅरिबूसाठी योजना आणली. २२ लाख हेक्टर जंगल तोडीपासून आणि रस्त्यांपासून राखले, अनेक भाग स्नोमोबाइलला बंद केले, हेलिस्कीवाल्यांसाठी कॅरिबूंपासून अंतर राखण्याचे नियम केले. आकडा मोठा होता. अडचण अशी की, राखलेला भाग मुख्यतः उंचावरचा, हिवाळ्यातल्या राहण्याचा होता. खालच्या दऱ्यांतली तोड चालू राहिली. मूस तिथेच वाढत होते आणि लांडगेही. वरचा मजला राखला आणि तळमजल्याला आग लागू दिली, असा हा प्रकार झाला.

कळप घटतच राहिले, तेव्हा २०१५ पासून सरकारने हेलिकॉप्टरमधून लांडगे मारायला सुरुवात केली. लांडग्याचा यात काही दोष नाही. त्याच्यासाठी मेजवानी मांडली माणसाने, आणि पुन्हा गोळी घातली ती त्यालाच. हा उपाय कुणालाही आवडणारा नाही. तरी आकडे टाळता येत नाहीत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासानुसार १९९१ ते २०२३ या काळात दक्षिणेकडच्या पहाडी कॅरिबूंची संख्या ५१ टक्क्यांनी घटली आणि सुमारे ३७ टक्के कळप जवळपास नाहीसे झाले. केलेल्या सगळ्या उपायांमुळे आज सुमारे दीड हजार कॅरिबू जास्त जिवंत आहेत. आणि एकट्याने हमखास लागू पडलेला उपाय एकच, लांडगे कमी करणे. संशोधकांनी त्याच वेळी हेही सांगितले की, ही तात्पुरती ठिगळे आहेत. जंगल परत आल्याशिवाय कॅरिबू स्वतःच्या पायावर उभा राहणार नाही, आणि तोडलेले जंगल पुरेसे जुने व्हायला शतक, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो.

क्लिन्से-झाचा कळप

या सगळ्या निराशेत एक गोष्ट उभारी देणारी आहे. पीस नदीच्या खोऱ्यात वेस्ट मोबर्ली आणि सोटो हे मूळनिवासी समाज राहतात. कॅरिबू हे त्यांचे पूर्वापार अन्न. त्यांच्या जुन्या पिढीच्या आठवणीत डोंगर कॅरिबूंनी भरलेले होते. १८९९ च्या आठव्या कराराने शिकार करण्याचा त्यांचा हक्क मान्य केलेला आहे. कळप घटू लागल्यावर १९७० च्या दशकात त्यांनी आपण होऊन कॅरिबूची शिकार थांबवली. हक्क असून घास सोडला. पण त्यांनी सोडलेला घास कॅरिबूच्या कामी आला नाही, कारण तोड, धरण आणि खाणी थांबल्या नाहीत.

एका कोळसा कंपनीला याच भागात शोधकाम करायचे होते. तिथल्या बर्न्ट पाइन कळपात तेव्हा फक्त ११ च्या आसपास कॅरिबू उरले होते. वेस्ट मोबर्लीचे लोक न्यायालयात गेले आणि २०११ मध्ये प्रांताच्या अपील न्यायालयाने सरकारने त्यांच्याशी पुरेशी सल्लामसलत केली नसल्याचे ठरवले.

शेजारचा क्लिन्से-झा कळप २०१३ मध्ये ३८ वर आला. मग दोन्ही समाजांनी स्वतः काम हाती घेतले. २०१४ पासून दरवर्षी हिवाळ्याच्या अखेरीस काही गाभण माद्या जाळे टाकून अलगद पकडतात आणि डोंगरावरच्या एका मोठ्या कुंपणात आणतात. कुंपणाभोवती जाड काळे कापड ताणलेले असते, म्हणजे आतल्या जनावराला बाहेरचे दिसू नये आणि बाहेरच्याला आतले. विजेची तारही असते. समाजातलीच माणसे राखणदार म्हणून जवळच्या झोपडीत मुक्काम करतात, दिवसरात्र नजर ठेवतात. लेकी-सुना, म्हातारीकोतारी, शाळेतली मुले जंगलात जाऊन फांद्यांवरचे दगडफूल हाताने वेचून पोती भरतात. माद्यांना ओळखीचे खाणे मिळावे म्हणून ही मेहनत. पिल्ले जन्मतात, पहिले धोक्याचे आठवडे कुंपणात काढतात आणि उन्हाळा सरताना आईबरोबर मोकळी होतात. जोडीला याच भागातले लांडगेही कमी केले गेले. २०२१ पर्यंत कळप १०१ वर पोचला.

हे लोक इथेच थांबले नाहीत. कुंपण ही शुश्रूषा आहे, घर नाही, हे त्यांना नेमके ठाऊक होते. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांनी केंद्र आणि प्रांत सरकारांबरोबर करार केला. त्यात मोठ्या प्रदेशातली तोड आणि खाणकाम थांबवणे आणि मोडलेले जंगल दुरुस्त करणे ठरले. जुने रस्ते उखडून, त्यांवर झाडांचे ओंडके आडवे टाकून, रोपे लावून लांडग्यांच्या सोप्या वाटा मोडायच्या, हेही काम आता या भागात होते.

कराराला विरोधही झाला. चेटविंडसारख्या गावांत लाकडाच्या गिरण्यांवर शेकडो घरांची चूल पेटते. स्नोमोबाइलवाल्यांच्या येण्याने हिवाळ्यात हॉटेले भरतात. आपल्याला विचारले नाही, ही त्या गावांची तक्रार होती आणि त्या तक्रारीत तथ्य होते. मुख्यमंत्र्यांना एका माजी मंत्र्याला गावकऱ्यांचे म्हणणे ऐकायला पाठवावे लागले. झाडे वाचवायची तर लाकूडकामगाराला वाऱ्यावर सोडून चालत नाही. त्याचा पर्यायी रोजगार योजनेचा भाग असायलाच हवा, नाहीतर पुढच्या निवडणुकीत सारे गुंडाळले जाते.

हिशेब एकत्र का मांडायचा

यातून मला दिसणारी मुख्य गोष्ट अशी. डोंगरातल्या प्रत्येक प्रकल्पाचा विचार आपण सुटा सुटा करतो. एक खाण आली की तिच्यामुळे किती जागा जाईल, एवढेच पाहतो. पुढच्या वर्षी रस्ता येतो, त्याच्यापुरते पाहतो. मग हॉटेल, मग हेलिपॅड. दर वेळी मधला मार्ग काढतो, निम्मे तुला, निम्मे जनावराला. असे चार वेळा निम्मे झाले की जनावराच्या वाट्याला सोळावा हिस्सा उरतो, आणि प्रत्येक बैठकीत सगळ्यांनी समंजसपणा दाखवलेला असतो. जनावराला मात्र हे सारे एकाच वेळी, एकाच हिवाळ्यात सोसावे लागते.

न्यायालयानेही हेच मान्य केले आहे. पीस खोऱ्यातल्याच ब्लूबेरी रिव्हर या समाजाने दावा लावला होता की, एका कुठल्या प्रकल्पाने नव्हे, तर तोड, रस्ते, विहिरी, वाहिन्या या सगळ्यांच्या साचत गेलेल्या परिणामाने करारातले आमचे जगण्याचे हक्क नाहीसे झाले. जून २०२१ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या सुप्रीम कोर्टाने, म्हणजे प्रांताच्या अपील न्यायालयाखालच्या कोर्टाने, तो दावा मान्य केला. साचलेल्या नुकसानीकडे पाहण्याची व्यवस्थाच सरकारजवळ नव्हती, असे ठरले. सरकारने अपील केले नाही आणि २०२३ मध्ये या समाजाबरोबर नवा करार केला.

म्हणून क्रम बदलायला हवा. आधी जनावराला जगायला काय आणि किती लागते, हे ठरवायचे : कोणत्या वयाचे जंगल, कोणती उंची, वर्षातले कोणते महिने, किती शांतता. ती मर्यादा पक्की झाली की उरलेल्या जागेत आणि उरलेल्या महिन्यांत माणसाची कमाई आणि हौस बसवायची. कॅरिबूच्या डोंगरात उन्हाळ्यात चालायला जाता येते. हिवाळ्यातही अनेक उतार असे आहेत, जिथे कॅरिबू राहत नाहीत. तिथे स्नोमोबाइल धावू दे, हेलिकॉप्टर उतरू दे. रेव्हलस्टोकच्या आसपास स्नोमोबाइल क्लबचे सदस्यही बंद भागांच्या पाट्या लावतात, लोकांना समजावतात. बंदी कुठे आणि का, हे पटले की हौशी माणूसही साथ देतो.

चाळकेवाडीच्या पठारावर

हे दूरदेशीचे प्रकरण वाटत असेल तर साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठाराकडे पाहावे. तिथे पवनचक्क्या उभ्या राहून बरीच वर्षे झाली. स्वच्छ वीज म्हणून आपण त्यांचे स्वागत केले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी तिथला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी होते. त्यामुळे त्यांचे भक्ष्य असलेल्या रंगीत गळ्याच्या सरड्यांची गर्दी वाढली होती. त्या सरड्यांच्या शरीरातले ताणाचे संप्रेरक, वागणे आणि रंगसुद्धा बदलले होते. पात्यांनी सरड्याला हातही लावला नाही, तरी त्याचे आयुष्य बदलले. कॅरिबू, मूस आणि लांडगा यांच्यात घडले ते वेगळ्या रूपात आपल्या सह्याद्रीतही घडते आहे.

सह्याद्रीत कोल्हापूरकडे बॉक्साइटच्या खाणी आहेत, साताऱ्यात पवनचक्क्या आहेत, कोयनेचा जलाशय आहे, आणि पावसाळा लागला की गडकोटांवर शनिवार-रविवारची झुंबड आहे. या प्रत्येकाचा कागद वेगळ्या कार्यालयात, वेगळ्या फायलीत असतो. कास पठारावर दिवसाला ३ हजार लोकांची मर्यादा आणि आगाऊ नोंदणी सुरू झाली, तेव्हा आधी बरीच कुरकुर झाली. तरी लोक आज नोंदणी करून जातात आणि फुले पाहून येतात. मर्यादा घातली म्हणून आनंद कमी झाला नाही.

तेव्हा मागणी अशी करू या : सह्याद्रीतल्या कुठल्याही डोंगरावर नवी परवानगी देण्याआधी, तिथे आजवर दिलेल्या सगळ्या परवानग्या आणि तिथे फिरणारी सगळी माणसे एका नकाशावर मांडा आणि मग ठरवा. आणि आपण भटक्या लोकांनी आपल्याकडून एवढे करावे. ज्या कड्यावर गिधाडांची किंवा ससाण्यांची वीण चालू आहे, तिथे त्या महिन्यांत दोर लावू नये. वनखात्याने एखादी वाट काही महिने बंद केली तर ती चोरून चढू नये. दक्षिण सेलकर्कचे ४६ कॅरिबू नऊ वर्षांत ३ वर आले. आपल्या डोंगरांत अजून वेळ आहे, पण तो फार नाही.